विश्लेषण : रुग्णांऐवजी अख्खे शहर तपासणारे प्राध्यापक विल्यम वेल्च यांनी कुठून आणले?

डॉक्टर झालेल्या माणसाला दवाखान्याची कमाई सोडून हजारो अनोळखी लोकांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासायला कसे तयार करायचे? वैद्यकीय महाविद्यालयांना आजही छळणारा हा प्रश्न शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात विल्यम हेन्री वेल्च यांच्यासमोर उभा राहिला. १९१६ नंतरच्या दहा वर्षांत त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र संस्था उभी केली. तिथे कोणाला बोलावले, कोणत्या अटींवर बोलावले आणि काय जमले नाही, याची ही गोष्ट. तिचा एक धागा थेट जामखेड आणि गडचिरोलीपर्यंत येतो.

वेल्च कोण होते?

विल्यम वेल्च यांचा जन्म ८ एप्रिल १८५० रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील नॉरफोक या लहान गावी झाला. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, काकाही डॉक्टर. वेल्च सहा महिन्यांचे असताना आई गेली. घरात वैद्यकी इतकी असूनही त्यांना डॉक्टर व्हायचे नव्हते. येल विद्यापीठातून १८७० मध्ये पदवी घेतल्यावर त्यांना ग्रीक भाषा शिकवायची होती. ती जागा मिळाली नाही म्हणून एक वर्ष शाळेत शिकवले आणि मग वैद्यकाकडे वळले.

न्यूयॉर्कमधून १८७५ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये म्हणजे गावातील डॉक्टरांनी मिळून चालवलेला व्यवसाय असे. शिक्षकांचे उत्पन्न विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि स्वतःच्या प्रॅक्टिसमधून येई. प्रयोगशाळा जवळपास नव्हत्याच. संशोधन पाहायचे तर जर्मनी गाठावी लागे. वेल्च १८७६ मध्ये तिकडे गेले. स्ट्रासबुर्ग, लाइपझिग आणि ब्रेस्लाऊ येथे दोन वर्षे शिकले. प्राध्यापक प्रॅक्टिस न करता पगारावर जगतो आणि प्रयोगशाळेत दिवस घालवतो, हे त्यांनी तिथे पहिल्यांदा पाहिले. पुढची पन्नास वर्षे ते हीच पद्धत अमेरिकेत रुजवत होते.

न्यूयॉर्क सोडून बाल्टिमोर का?

मायदेशी परतल्यावर १८७८ मध्ये वेल्च यांनी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या महाविद्यालयात विकृतिशास्त्राची छोटी प्रयोगशाळा सुरू केली. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना हा विषय प्रयोगशाळेत शिकवण्याची ही सुरुवात मानली जाते. मात्र पोट भरायला त्यांना परीक्षेच्या खासगी शिकवण्या घ्याव्या लागत. संशोधनाला वेळ उरत नसे.

त्याच सुमारास बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स या व्यापाऱ्याच्या देणगीतून विद्यापीठ आणि रुग्णालय उभे राहत होते. विद्यापीठाचे अध्यक्ष डॅनियल गिलमन आणि रुग्णालयाच्या उभारणीचे सल्लागार जॉन शॉ बिलिंग्ज तरुण माणसे शोधत होते. त्यांनी १८८४ मध्ये वेल्च यांना बोलावले. न्यूयॉर्कच्या मित्रांनी त्यांना थांबवण्यासाठी जंग जंग पछाडले. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडून नव्या प्रयोगशाळेसाठी ५० हजार डॉलर मिळवले. तरीही वेल्च गेले.

इमारतीपेक्षा त्यांना वेळ हवा होता. बाल्टिमोरमध्ये पूर्ण पगार मिळणार होता आणि खासगी शिकवण्यांची गरज उरणार नव्हती. पुढे स्वतः प्राध्यापक शोधताना वेल्च यांना ही गोष्ट उपयोगी पडली. संशोधन करणारा माणूस कशासाठी जागा सोडतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

नव्या पदावर रुजू होण्याआधी ते पुन्हा जर्मनीला गेले. नव्याने जन्मलेले जीवाणूशास्त्र त्यांनी तिथे शिकून घेतले. म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटेनकोफर यांची आरोग्यशास्त्राची संस्थाही पाहिली. हवा, पाणी, माती आणि सांडपाणी यांचा शहराच्या आरोग्याशी असलेला संबंध तिथे अभ्यासला जाई. अशी संस्था अमेरिकेत नव्हती. ते चित्र वेल्च यांच्या मनात तीस वर्षे राहिले.

पहिली भरती कशी झाली?

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये आणि वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले. वेल्च महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता. वैद्यकासाठी विल्यम ऑस्लर, शस्त्रक्रियेसाठी विल्यम हॉल्स्टेड, स्त्रीरोगासाठी हॉवर्ड केली अशी माणसे तिथे जमली. शरीरक्रियाशास्त्रासाठी विल्यम हॉवेल, औषधशास्त्रासाठी जॉन जेकब एबल आणि शरीररचनाशास्त्रासाठी फ्रँकलिन मॉल आले.

हॉल्स्टेड यांची नेमणूक धाडसाची होती. कोकेनच्या प्रयोगांतून त्यांना त्याचे व्यसन जडले होते आणि न्यूयॉर्कमधील त्यांची कारकीर्द संपल्यात जमा होती. वेल्च यांनी त्यांना १८८६ मध्ये स्वतःच्या प्रयोगशाळेत जागा दिली. पुढे अमेरिकेतील आधुनिक शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणाचा पाया त्यांनी घातला. माणसाच्या अंगातील गुण ओळखण्यात वेल्च यांचा हातखंडा होता, तो असा.

महाविद्यालयासाठीचा पैसा कमी पडत होता, तो मेरी गॅरेट आणि त्यांच्या सहकारी महिलांनी उभा केला. त्यांच्या अटी मात्र कडक होत्या. महिलांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा आणि प्रवेशासाठी आधीची पदवी आवश्यक ठेवायची. वेल्च सहशिक्षणाबाबत फारसे उत्साही नव्हते. पण या अटींमुळेच महाविद्यालयाचा दर्जा देशात सर्वात वरचा ठरला.

स्वतः वेल्च यांनी १८९०च्या दशकात गँगरीन घडवणारा जीवाणू जॉर्ज नटॉल यांच्यासह शोधला. त्या जीवाणूला बराच काळ वेल्च यांचेच नाव होते. त्यानंतर प्रयोगशाळेतील त्यांचे काम कमी होत गेले आणि संस्था उभारण्याचे वाढत गेले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांमध्ये पीतज्वर डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणाऱ्या पथकाचे प्रमुख वॉल्टर रीड होते, तसेच पुढे रॉकफेलर संशोधन संस्था चालवणारे सायमन फ्लेक्सनरही होते.

पूर्णवेळ प्राध्यापकांचा वाद काय होता?

प्रयोगशाळेच्या विषयांचे प्राध्यापक पगारावर होते. रुग्ण तपासणारे प्राध्यापक मात्र सकाळी शिकवत आणि नंतर खासगी रुग्ण पाहत. त्यातून मिळणारे उत्पन्न पगाराच्या कितीतरी पट असे. अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय महाविद्यालयांचे वाभाडे काढणारा अहवाल अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० मध्ये लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर आदर्श म्हणून हॉपकिन्स होते. दहा लाख डॉलर मिळाले तर काय कराल, असे फ्लेक्सनर यांनी नंतर विचारल्यावर हॉपकिन्समध्ये उत्तर तयार होते : वैद्यक, शस्त्रक्रिया आणि बालरोग या विभागांचे प्राध्यापक पूर्णवेळ करायचे.

रॉकफेलर यांच्या शिक्षणविषयक मंडळाने १९१३ मध्ये त्यासाठी १५ लाख डॉलर दिले. अट एकच. खासगी रुग्णांचे शुल्क प्राध्यापकाच्या खिशात जाणार नाही.

वादळ उठले. तोपर्यंत ऑक्सफर्डला गेलेल्या ऑस्लर यांनी या योजनेला विरोध केला. वैद्यक विभागाचे प्रमुख लुएलिस बार्कर यांनी पूर्णवेळ पद नाकारले. त्यांच्या जागी न्यूयॉर्कमधील मोठी प्रॅक्टिस सोडून थिओडोर जेनवे १९१४ मध्ये आले. तीन वर्षांत, १९१७ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. पगारात भागत नव्हते आणि रुग्णांकडून पैसे न घेण्याची अटही त्यांना पटली नव्हती. त्याच वर्षाअखेर त्यांचे निधन झाले.

वेल्च यांच्यासाठी हा मोठा धडा होता. प्रॅक्टिसची चव लागलेल्या डॉक्टरला केवळ प्रतिष्ठेच्या जोरावर संशोधनाकडे वळवता येत नाही. आणि इथे तर प्रश्न रुग्णालयातल्या संशोधनापुरता होता. रुग्णच नसलेल्या विषयासाठी माणसे मिळवणे याहून अवघड ठरणार होते.

सार्वजनिक आरोग्यासाठी वेगळी संस्था का?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रॉकफेलर यांच्या पैशातून १९०९ पासून अंकुशकृमीविरुद्ध मोहीम सुरू होती. तिचे प्रमुख विक्लिफ रोझ डॉक्टर नव्हते, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. गावोगावचे आरोग्य अधिकारी म्हणजे प्रॅक्टिस सांभाळून उरलेल्या वेळात सरकारी काम पाहणारे डॉक्टर, हे त्यांच्या लक्षात आले. साथ कशी मोजायची, पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, नोंदी कशा ठेवायच्या, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूयॉर्कला या विषयावर बैठक झाली. अहवाल लिहिण्याचे काम रोझ आणि वेल्च यांच्याकडे आले. दोघांच्या कल्पना वेगळ्या होत्या. रोझ यांना आरोग्य अधिकारी घडवणारी, राज्याराज्यांत शाखा असलेली व्यवस्था हवी होती. वेल्च यांना म्युनिकसारखी संशोधन संस्था हवी होती. शिकवण्याजोगे ज्ञान आधी तयार झाले पाहिजे आणि ते तयार करणारे लोक एका छताखाली आले पाहिजेत, असे त्यांचे मत. १९१५ मध्ये सादर झालेल्या अंतिम मसुद्यावर वेल्च यांची छाप अधिक होती.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचे एकमत होते. संस्था विद्यापीठात हवी आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या शेजारी हवी, पण त्याचा एक विभाग म्हणून नको. विभाग असता तर पैसा आणि जागा यांच्या स्पर्धेत शस्त्रक्रिया आणि वैद्यक विभागांपुढे तो टिकला नसता.

बाल्टिमोरच का निवडले?

हार्वर्ड, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनिया ही विद्यापीठेही स्पर्धेत होती. हार्वर्डकडे सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आधीच होता. कोलंबियाने सामाजिक शास्त्रांवर भर देणारा आराखडा मांडला होता. १९१६ मध्ये निवड झाली ती जॉन्स हॉपकिन्सची. हार्वर्डचे माजी अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना हा निर्णय मुळीच रुचला नाही.

निवडीमागची कारणे दोन. पूर्णवेळ प्राध्यापकांची पद्धत तिथे रुजली होती. आणि तिथे वेल्च होते. सुरुवातीला दोन लाख ६७ हजार डॉलर मंजूर झाले. संस्थेचे नाव ठरले स्कूल ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ. पहिला शब्द वेल्च यांच्या जर्मन वळणाचा, दुसरा रोझ यांच्या मोहिमेचा.

प्राध्यापक कुठून आले?

वेल्च तेव्हा ६६ वर्षांचे होते. सार्वजनिक आरोग्याचे तयार प्राध्यापक देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून त्यांनी शोध वैद्यकीय महाविद्यालयांपुरता ठेवला नाही. प्रश्न कोणता सोडवायचा हे आधी ठरवले आणि तो सोडवू शकणारा माणूस जिथे असेल तिथून आणला.

घरातून त्यांनी हॉवेल यांना घेतले. वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठातापद भूषवलेला ज्येष्ठ शास्त्रज्ञ नव्या संस्थेत आल्याने तिला वजन आले. दैनंदिन कारभारही हॉवेल पाहू लागले. ते आवश्यकच होते, कारण वेल्च पत्रांना उत्तरे न देण्याबद्दल प्रसिद्ध होते. टेबलावर टपालाचे ढीग साचत. विद्यार्थी मागे त्यांना ‘पॉप्सी’ म्हणत. अविवाहित, गोलमटोल, सिगार आणि जेवणाचे शौकीन वेल्च कारकुनी कामात कच्चे होते. माणसांच्या पारखीत मात्र पक्के.

१९१७ मध्ये विस्कॉन्सिनहून एल्मर मॅककॉलम आले. ते डॉक्टर नव्हते. कॅन्ससच्या शेतकरी कुटुंबातील या रसायनशास्त्रज्ञाने कृषी संशोधन केंद्रात उंदरांवर आहाराचे प्रयोग केले होते आणि मार्गरिट डेव्हिस यांच्यासह पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेलेला घटक शोधला होता. जनावरांच्या चाऱ्याचा अभ्यास करणारा माणूस आरोग्य संस्थेत कशाला, असा प्रश्न पडावा. वेल्च यांना तो पडला नाही.

रेमंड पर्ल हेही डॉक्टर नव्हते. मेन राज्यातील कृषी केंद्रात कोंबड्यांच्या अंडी देण्याच्या क्षमतेचा अभ्यास करणारे ते जीवशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या अन्न प्रशासनात त्यांनी सांख्यिकी विभाग सांभाळला होता. १९१८ मध्ये ते जीवसांख्यिकीचे प्राध्यापक झाले. त्यांच्यासोबत गणितज्ञ लोवेल रीड आले. आजारांची आकडेमोड ही कारकुनी नसून शास्त्र आहे, हे मांडणारा अमेरिकेतील हा पहिल्या काही विभागांपैकी एक. प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट हेगनर आणि कृमींचे अभ्यासक विल्यम कॉर्ट यांनाही वेल्च यांनी सामावून घेतले.

या सर्वांना एकच गोष्ट देऊ केली होती. पूर्ण पगार, स्वतःचा विभाग, प्रयोगशाळा आणि शेजारी तितक्याच तयारीची माणसे. प्रॅक्टिस सोडण्याचा प्रश्न त्यांच्यापैकी बहुतेकांपुढे नव्हताच. जेनवे प्रकरणातील अडचण वेल्च यांनी अशी बाजूने ओलांडली.

१९१८ च्या साथीत काय झाले?

संस्था १ ऑक्टोबर १९१८ रोजी सुरू झाली. इन्फ्लुएन्झाची महासाथ तेव्हा अमेरिकेत शिगेला पोहोचत होती. काही दिवस आधी, सप्टेंबरच्या अखेरीस, लष्करी गणवेशातील वेल्च मॅसॅच्युसेट्समधील कॅम्प डेव्हन्स येथे गेले होते. तरुण सैनिकांचे मृतदेह शवागारात रांगेने ठेवलेले. शवविच्छेदनात दिसलेली फुप्फुसे पाहून आयुष्यभर विकृतिशास्त्रात मुरलेले वेल्च हादरले. हा काही नवाच संसर्ग असावा, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली. लवकरच त्यांनाही इन्फ्लुएन्झाने गाठले आणि बरे होण्यासाठी अटलांटिक सिटीला जावे लागले.

साथीने एक गोष्ट उघडी पाडली. सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू शोधणारे अनेक होते, पण कोणत्या वयाचे किती लोक आजारी पडले, एका घरातून दुसऱ्या घरात आजार कसा गेला, हे पद्धतशीर मोजणारे फार थोडे. त्या थोड्यांपैकी एक होते वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट.

फ्रॉस्ट हे अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतील सरकारी डॉक्टर. न्यू ऑर्लिन्समधील पीतज्वर, पोलिओ, ओहायो नदीचे प्रदूषण अशा कामांत ते तयार झाले होते. १९१७ मध्ये त्यांना स्वतःला क्षयाची बाधा झाली आणि काही काळ विश्रांती घ्यावी लागली. १९१८ च्या साथीत एडगर सिडनस्ट्रायकर यांच्यासह त्यांनी घरोघर पाहणी करून साथीचे चित्र उभे केले. सरकारी सेवेला असा माणूस सोडणे परवडणारे नव्हते. वेल्च यांनी तोडगा काढला. राजीनामा मागण्याऐवजी सेवेकडूनच त्यांना संस्थेत शिकवण्यासाठी पाठवून घेतले. फ्रॉस्ट १९१९ मध्ये व्याख्याते म्हणून आले आणि १९२१ मध्ये प्राध्यापक झाले. साथरोगशास्त्राचे ते अमेरिकेतील पहिले प्राध्यापक मानले जातात.

या भरतीतून काय निघाले?

मॅककॉलम यांनी वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग प्राध्यापक जॉन हॉवलंड यांच्या विभागासोबत मुडदूस या आजारावर काम केले. हॉवलंड पूर्णवेळ योजनेतले. एकीकडे उंदीर, दुसरीकडे वाकलेल्या हाडांची मुले. कॉड माशाच्या तेलातील मुडदूस रोखणारा घटक ‘अ’ जीवनसत्त्वापेक्षा वेगळा आहे, हे १९२२ मध्ये त्यांनी दाखवले. तेच ‘ड’ जीवनसत्त्व. दोन संस्था एकमेकींच्या शेजारी असाव्यात हा वेल्च यांचा हट्ट किती योग्य होता, याचे हे उदाहरण.

फ्रॉस्ट आणि रीड यांनी १९२८ च्या सुमारास रंगीत मण्यांच्या साह्याने वर्गात साथ खेळवून दाखवली. बाधित, बाधा होऊ शकणारे आणि बरे झालेले यांचे प्रमाण बदलत गेले की साथ कशी चढते आणि का ओसरते, हे त्यातून दिसे. करोनाकाळात वाचकांच्या परिचयाच्या झालेल्या साथीच्या गणिती प्रारूपांचे हे एक जुने रूप.

क्षयाबाबतचे फ्रॉस्ट यांचे काम आणखी महत्त्वाचे. एका विशिष्ट वर्षाची आकडेवारी पाहिली तर क्षयाचे मृत्यू म्हातारपणी अधिक दिसत. त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील जुन्या नोंदी वेगळ्या रीतीने मांडल्या. एकाच दशकात जन्मलेल्या पिढीचा माग बालपणापासून काढला. तेव्हा दिसले की प्रत्येक पिढीत तरुणपणीच धोका सर्वाधिक होता. आजचे वृद्ध अधिक मरत होते, कारण त्यांची पिढी लहानपणापासूनच अधिक क्षय असलेल्या जगात वाढली होती. नव्या पिढ्यांत आजार मुळातूनच घटत होता. फ्रॉस्ट यांच्या १९३८ मधील निधनानंतर, १९३९ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

रॉकफेलर फाउंडेशनने १९२२ मध्ये इमारत आणि कायमच्या निधीसाठी आणखी ६० लाख डॉलर दिले. वेल्च यांनी १९२६ मध्ये संचालकपद सोडले. त्याच सुमारास रुग्णालयाजवळ संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली.

काय जमले नाही?

प्रत्येक निवड निर्दोष नव्हती. पर्ल यांनी १९२९ मध्ये शवविच्छेदनाच्या नोंदींवरून कर्करोग आणि क्षय एकमेकांना मारक असल्याचा निष्कर्ष काढला. तुलनेसाठी निवडलेला गटच चुकीचा होता. तरीही त्या आधारे काही कर्करोग रुग्णांवर क्षयाच्या जंतूंपासून बनवलेल्या ट्यूबरक्युलिनचे उपचार करून पाहण्यात आले. हे प्रकरण आज साथरोगशास्त्राच्या वर्गात चूक कशी होते हे शिकवण्यासाठी सांगितले जाते.

संस्थेत महिला शिकल्या आणि संशोधकही झाल्या. औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासक अ‍ॅना बेट्जर त्यांपैकी एक. पण त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळायला दशके लागली. रुग्णालयात कृष्णवर्णीयांचे कक्ष वेगळे होते. गरिबी, घरे, मजुरी यांसारख्या सामाजिक कारणांना कोलंबियाच्या आराखड्यात असलेले स्थान वेल्च यांच्या प्रयोगशाळाप्रधान संस्थेत मिळाले नाही.

सर्वात मोठी किंमत वेगळीच होती. सार्वजनिक आरोग्याची संस्था स्वतंत्र झाल्याने तिला माणसे आणि पैसा मिळाला. पण शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणारा बहुसंख्य डॉक्टर तो विषय दुसऱ्यांचा समजू लागला. हेच प्रारूप इतर विद्यापीठांत आणि देशांत गेले, तशी ही फूटही गेली. एक रुग्ण पाहणारे डॉक्टर आणि लोकसमूह पाहणारे संशोधक यांच्यातील दरी कशी बुजवायची, यावर पुढे अनेक दशके चर्चा होत राहिली.

अखेरची वर्षे कशी गेली?

संचालकपद सोडल्यावर वेल्च वैद्यकाच्या इतिहासाचे प्राध्यापक झाले. ग्रीक शिकवण्याची तरुणपणीची इच्छा काहीशा वेगळ्या वाटेने पुरी झाली. १९३० मध्ये त्यांचा ८० वा वाढदिवस वॉशिंग्टनमध्ये साजरा झाला, तेव्हा अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी त्यांचा गौरव केला आणि तो समारंभ रेडिओवरून प्रसारित झाला. १९३३ पासून ते कर्करोगाने आजारी होते. ३० एप्रिल १९३४ रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातच त्यांचे निधन झाले.

भारताशी आणि महाराष्ट्राशी संबंध काय?

रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने कोलकात्यात १९३२ मध्ये अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू झाली. १९३९ ते १९४५ या काळात तिचे संचालक होते जॉन ग्रँट. हॉपकिन्सच्या संस्थेत शिकलेल्या ग्रँट यांनी आधी पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना वस्तीतील आरोग्य केंद्रात नेऊन शिकवण्याचा प्रयोग केला होता. वेल्च यांच्या प्रारूपातील फूट ओळखून त्यांनी शोधलेला तो उपाय होता. पुढे ते भोर समितीचे सदस्य झाले. या समितीने १९४६ च्या अहवालात प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग असावा, अशी शिफारस केली. एमबीबीएसचे विद्यार्थी ज्याला ‘पीएसएम’ म्हणतात, तो विषय आपल्याकडे रुजला तो या वाटेने. विषय वेगळ्या संस्थेपुरता न ठेवता प्रत्येक डॉक्टरला शिकवायचा, असा हा मार्ग.

महाराष्ट्रात हा धागा दोन ठिकाणी ठळक दिसतो. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावातील महिलांनाच आरोग्यसेविका म्हणून त्यांनी तयार केले. अभय आणि राणी बंग यांनीही हॉपकिन्समधून पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करता येतात, हे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते, तापमान पाहते, त्यामागे हे संशोधन आहे. फ्रॉस्ट यांच्याप्रमाणेच इथेही सुरुवात घरोघरच्या मोजणीपासून झाली.

प्रश्न मात्र अजून तोच आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांनी खासगी प्रॅक्टिस करू नये म्हणून व्यवसायरोध भत्ता दिला जातो, त्यावरून वादही होतात. भत्त्याने प्रॅक्टिसचे नुकसान काही प्रमाणात भरून निघते. संशोधनासाठी वेळ, नोंदी, सांख्यिकी जाणणारे सहकारी आणि अभ्यासासाठी हक्काची वस्ती त्यातून मिळत नाही. बाल्टिमोरमध्ये वेल्च यांनी आधी या गोष्टींची तजवीज केली आणि मगच माणसांना बोलावले. ती माणसे बहुतेक टिकली.